फराशीस दाखल

मनुष्यजातीनं आजवर केलेले सगळे थोर प्रवास एका बोटानं सुरू झालेले आहेत, असं गंभीरपणे सांगून दौलतरावांनी आपलं बोट नकाशातल्या रिसोडवर टेकवलं. बोट उचलल्यावर दिसलं, की ते रिसोड नव्हतं. निळ्या शाईचा ठिपका होता, आणि आता तो बोटावर आला होता.

नकाशात रिसोड नव्हतंच. दौलतराव शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हा नकाशा त्यांना भेट मिळाला होता, किंवा तो त्यांच्याबरोबर आपण होऊनच बाहेर पडला होता. गावात यावर दोन मतं होती. फ्रान्सच्या जागी वाळवीनं एक सुबक भोक पाडलेलं होतं.

बोट पुसायला काही दिसेना. सभा दिवेलागणीपुढं चालायची शक्यता होती, म्हणून जमशेद सतरंजीवाल्यानं सतरंजी अंथरल्यावर दिव्याची काचेची हंडीही आणून भिंतीशी ठेवली होती. तिच्यावर काजळी धरलेलं एक फडकं होतं. दौलतरावांनी ते ओढलं, बोट खसाखसा पुसलं आणि फडकं पुन्हा हंडीवर टाकलं.

"त्या भोकात जायचं हाये काय?" हिरालालनं विचारलं. हिरालाल सुताचा ठोक व्यापारी. त्याच्या दुकानात फ्रान्सहून आलेला दोऱ्याचा एक रिकामा डबा होता, आणि त्या नात्यानं तो दौलतरावांच्या या प्रवास मंडळात होता.

"केनवडपर्यंत बैलगाडी," दौलतराव म्हणाले. "पुढे अकोल्यापर्यंत मोटार. अकोल्याहून मुंबईला आगगाडी, तिथून आगबोट. उतरलं की कॅले आणि लायन्स ही दोन गावं. कॅलेला लेस विणतात, लायन्सला जुनं कापड कपाटात जपून ठेवतात. आपला रुमाल लायन्सला असणार."

"लायन म्हंजे सिंह ना, मास्तर?"

"ते गावाचं नाव आहे."

"सिंहाच्या गावात ठेवला म्हना की. मंग कोनी चोरला नसन."

पैशाचा प्रश्न कोणी काढला नाही, कारण तो काढला असता तर सभा संपली असती.

ओसरी बदरुद्दीनच्या दुकानामागं होती. बदरुद्दीन सुया, बटनं, गोटा आणि किनारी विकायचा आणि घरमालक म्हणून सभेत गप्प बसायचा. ओसरीच्या टोकाला पडदा होता, पडद्यामागं त्याची थोरली विधवा बहीण कमरुन्निसा बसली होती. प्रवास तिचा होता. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मास्तर, तिथं हात लावू देतात काय?"

दौलतरावांनी नकाशाची घडी घातली. "संग्रहालयात वस्तू काचेत असतात, बाई."

"मंग मले दिसन कसं?"

हिरालालनं डबीतली सुपारी काढली आणि पुन्हा डबीत ठेवली. यावर नकाशात काही नव्हतं.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पौषात सांगितलं होतं, की काळं पाणी, म्हणजे काचबिंदू आहे, उपाय नाही. "बाहेरून आत येत जाईल. कडा आधी जातील, मधलं शेवटी. वर्षभर धरा." घरी येताना मोटारीत कमरुन्निसा एवढंच म्हणाली, की कडा आधी का जाव्या? पन्नास वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं ती कडाच विणत आली होती.

ती क्रोशाच्या सुईनं जाळी विणायची. गव्हाच्या ओंबीची नक्षी हे त्या घराचं काम. आजी हलिमापासून चालत आलेलं. ओंबीला सरळ नेणं कोणालाही जमतं, वळवणं जमत नाही. कोपऱ्यावर आलं की नक्षी मोडते, दाणे एकमेकांवर चढतात. मग विणकरीण तिथं चुणी घालते, शिवून टाकते आणि वर एक फूल बसवते. गिऱ्हाईक म्हणतं, वा, फूल किती छान. रिसोडच्या बाजारात आता यंत्राची लेस आली होती आणि ती वाराप्रमाणे कापून मिळत होती. पण यंत्रही सरळच चालायचं, त्यालाही वळता येत नव्हतं. जिथं यंत्र हरतं नेमकं तिथंच आपणही हरावं, हे कमरुन्निसाला कबूल नव्हतं.

कोपरा फक्त हलिमाला येत होता. सगळं घर हे सांगायचं, आणि घरातल्या कोणीही तो पाहिला नव्हता. हलिमानं तरुणपणी एक रुमाल विणून जहागीरदाराच्या कचेरीत दिला होता. पुढं सुना-लेकी तिला कोपऱ्याचं विचारायच्या. ती हसून एकच वाक्य बोलायची, आणि ते वाक्य घरात दागिन्यासारखं हातोहात खाली आलं होतं: "ज्यानं माहा रुमाल पाह्यला, तो कोपऱ्याचं इचारत नाही."

असा कोपरा. पाहिल्यावर प्रश्नच उरू नये, असा.

बाप गेल्यावर त्याच्या पेटीत मोडी कागदाचा एक चिठोरा निघाला. गावात मोडी वाचणारे दौलतरावच उरले होते, म्हणजे ते जे वाचतील तेच मोडी. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि बोट फिरवत वाचलं: "हलिमा बी हिनें केलेला जाळीचा रुमाल नग १ सरकारांतून फराशीस दाखल." मग चष्मा काढून पुसला. पेशव्यांच्या कागदपत्रांत फ्रेंचांना फराशीस म्हणत, हे त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"बाई, तुमच्या आजीचा रुमाल फ्रान्सला आहे," ते म्हणाले.

त्या काळी हिंगोलीच्या छावणीत साहेब लोक होते. साहेब लोक हिंदुस्थानातून काय काय नेत, ते सर्वांना माहीत होतं. जहागीरदार नजराणे देत, तेही माहीत होतं. सगळं जुळत गेलं. एखादी गोष्ट इतकी जुळू लागली की माणसानं जरा घाबरायला हवं. पण दौलतराव निवृत्त होते, आणि घाबरण्याइतकं काम त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. फराशीस हा शब्द जुना झाला, आता सर्वांनी फ्रान्स म्हणावं, अशी त्यांनी मंडळाला ताकीद दिली. मंडळ फ्रान्स म्हणू लागलं. कमरुन्निसानं मात्र कागदावरची ओळ जशीच्या तशी पाठ केली आणि रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर ती एकदा मनात म्हणू लागली. नमाजाशी त्या ओळीचा संबंध नव्हता. पण मागायचं ते त्याच वेळी मागायची सवय होती.

नजर ती दुकानाच्या फळीवर मोजायची. फळीवर दोऱ्याचे सात डबे होते. समोरच्या खांबाला टेकून, मान न हलवता पाहिलं की फाल्गुनात सातही दिसायचे. चैत्र संपता संपता दोन्ही टोकांचे गेले. पाच.

दिवसभर ती कोपरा विणायची. विणायची, मोडायची, उसवायची. तोच दोरा इतक्या वेळा उसवला जायचा की पांढऱ्याचा राखाडी व्हायचा आणि त्याच्यावर लव उभी राहायची. फसलेले कोपरे ती एका खोक्यात टाकायची. वीतभर सरळ ओंबी, मग गाठोडं. भाची लतीफा समोर बसून शिकायची. लतीफाचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून चांगली.

"फूफी, फूल लावून टाका ना त्याच्यावर. कोनाले दिसते?"

"मले दिसते."

"तुमाले बी आता..." लतीफा म्हणाली आणि दोरा दातांनी तोडायच्या निमित्तानं खाली वाकली.

"बोल ना. मले बी आता काय?"

"काही नाही. सुई बोचली."

"सुई तं माह्या हातात हाये," कमरुन्निसा म्हणाली आणि पुन्हा उसवायला लागली.

वैशाखात एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. बदरुद्दीन सुताची लडी सोडवत होता. कमरुन्निसा येऊन खांबाशी बसली. समुद्राचा प्रवास तिला एकच माहीत होता.

"बदरू, हाजी लोक अगिनबोटीनं कुठवर जातात?"

"जद्द्यापावतर."

"जद्द्याहून फराशीस किती राह्यलं?"

"माहित नाही, आपा. तिथून पुढं आपल्यातलं कोनी गेलंच नाही. सारे तिथीच उतरतात."

"मंग आपुन नको उतरू."

बदरुद्दीनच्या हातातली लडी थांबली.

"आपल्या दोघांच्या हजसाठी जे ठेवलं हाये ते काढ," ती म्हणाली. "काबा कुठी जात नाही, बदरू. माहे डोये चालले."

त्यानं दोन्ही कानांना हात लावला. दारातून कोणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं. "असं बोलू नये, आपा."

"मी बोलली कुठी? इचारलं."

"अल्ला ऐकते."

"त्याले ऐकाले यावं म्हनूनच इतलं मोठ्यानं इचारलं." ती उठली. उठताना तिचा खांदा खांबाला लागला. तो खांब त्या जागी तिच्या जन्माआधीपासून होता.

बदरुद्दीननं लडी पूर्ण सोडवली, पुन्हा गुंडाळली, आणि संध्याकाळी दौलतरावांकडं जाऊन म्हणाला, "मास्तर, कागद लिवा तिकडं. आमी खरंच जातो."

हे ऐकून दौलतराव मनातून हादरले. आजवर फ्रान्स हा सभेचा विषय होता. पण माघार कशी घ्यावी, हे कोणत्याच पुस्तकात वाचल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी लायन्सच्या संग्रहालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं. पहिली चार पानं रिसोडच्या प्राचीनत्वावर होती.

"रुमालाचं लिवलं ना?" पडद्यामागून विचारणा झाली.

"लिहिलं आहे, बाई. शेवटी."

"कोपऱ्याचं?"

दौलतरावांनी टाक बुडवून समासात एक ओळ वाढवली.

पत्र जायला आणि उत्तर यायला आषाढ उजाडला. तोवर फळीवर चार डबे राहिले होते. पाकिटावरच्या तिकिटावर चालत चालत बी फेकणाऱ्या बाईचं चित्र होतं. हिरालालला ते बघून धीर आला. "शेतकरीच हायेत बिचारे. आपल्यावानी," तो म्हणाला.

पत्र फ्रेंचमध्ये होतं. रिसोडात फ्रेंच कोणाला येत नव्हतं, वाशीमला येत नव्हतं, आणि अकोल्याच्या ज्या वकिलाला येतं म्हणून ऐकलं होतं त्यानं पत्र पाहून, हे फ्रेंच वेगळं आहे, असं सांगितलं. शेवटी मंडळानं स्वतःच विचार केला. पत्र तीन ओळींचं होतं.

"नकार असता तर एका ओळीत आला असता," दौलतराव म्हणाले. "मला हयातीत जेवढे नकार आले ते सगळे एका ओळीचे आहेत. तीन ओळी म्हणजे या म्हणताहेत."

त्या तीन ओळींत काय होतं, ते रिसोडला आजही माहीत नाही.

गणपती उठले की निघायचं ठरलं. पासपोर्टाच्या अर्जासाठी बदरुद्दीन अकोल्याला गेला. कारकुनानं प्रवासाचं कारण विचारलं. बदरुद्दीननं खरं ते सांगितलं, की बहिणीला कोपरा पाहायचा आहे. कारकुनानं त्या रकान्यात 'धार्मिक' असं लिहिलं.

कमरुन्निसानं ट्रंक भरली. दोन बुरखे, नमाजाचा मुसल्ला, सहा क्रोशाच्या सुया, आपला दोरा. फराशीसाचा दोरा कसा असेल याचा भरवसा नव्हता. फसलेल्या कोपऱ्यांचं खोकंही तिनं ठेवलं. लतीफानं ते काढलं, तिनं पुन्हा ठेवलं.

"ते कायले, फूफी? त्या लोकांपुढं लाज काढता काय?"

"काच उघडत नसले तं दाखवीन. म्हनीन, पाहा बाबा, इथं आडते. जिचं आडते तिले हात लावू द्या."

काच उघडायला फ्रेंच माणसाला काय म्हणतात, हे तिला कोणी सांगू शकलं नाही. मग तिनं ते हातांनी बोलायचं ठरवलं. खोलीत कोणी नाही असं पाहून ती तसं करूनही बघायची. आधी खोक्याकडं बोट, मग स्वतःच्या डोळ्यांकडं, मग दोन्ही हात जोडून पुढं. लतीफानं ते एकदा दाराच्या फटीतून पाहिलं आणि त्यानंतर खोकं ट्रंकेतून काढलं नाही.

गणपती बसायच्या पंधरा दिवस आधी युरोपात लढाई सुरू झाली. वर्तमानपत्र रिसोडला एक दिवस उशिरा यायचं, त्यामुळे मंडळाला एक दिवस जास्त मिळाला. पासपोर्टाचा अर्ज नामंजुरीचा शिक्का मारून परत आला.

"दिवाळीपर्यंत आटपेल," दौलतराव म्हणाले. "हल्लीच्या लढाया यंत्रानं होतात."

"यंत्राले वळता येत नाही, मास्तर," पडद्यामागून आवाज आला. "ते सरळच जात राह्यते."

दिवाळी झाली. तीन डबे होते. संक्रांतीला दोन. मग बरेच दिवस एकच डबा दिसत राहिला, मधला, निळा, नळीतून पाहावा तसा. त्या दिवसांत ती काही विणत नव्हती. खांबाला टेकून त्या डब्याकडं पाहत बसायची. जणू नजर काढली तर तेवढ्यात कोणी तो उचलून नेईल. गिऱ्हाईकाला त्यातला दोरा हवा असला तर बदरुद्दीन म्हणायचा, संपला.

उन्हाळ्यात एक दिवस तिनं लतीफाला विचारलं, "फळी पुसाले डबे काढले काय व?"

"नाही, फूफी," लतीफा म्हणाली.

"बरं," कमरुन्निसा म्हणाली.

ज्येष्ठात बातमी आली की पॅरिस पडलं. मंडळाची शेवटची सभा भरली. जमशेदनं सतरंजी अंथरली, हंडी आणून ठेवली. या वेळी पडदा बाजूला बांधलेला होता आणि कमरुन्निसा उघड्यावर, उंबऱ्याशी बसली होती. तिला लोक दिसत नव्हते. त्यामुळे ती लोकांना दिसत नाही, असं सगळ्यांनी आपोआप धरून टाकलं होतं.

दौलतरावांनी ठराव वाचला, की रिसोडची ही सभा फ्रान्सच्या दुःखात सहभागी आहे आणि नियोजित प्रवास अनिश्चित काळापर्यंत तहकूब करीत आहे.

"हे कळवाचं कोनाले?" हिरालालनं विचारलं.

"कोणालाच नाही. ठराव आहे."

हिरालाल गेला. दौलतराव पायरीखाली चपला शोधू लागले. जमशेद सतरंजी गुंडाळत गुंडाळत उंबऱ्यापर्यंत आला आणि कमरुन्निसानं पाय उचलावेत म्हणून थांबला. तिचे ओठ हलत होते.

"काय म्हनल्या, बुबू?"

"काही नाही रे. कागद म्हनून राह्यली. पाठ हाये ना. आता इसराचा हाये, म्हनून शेवटचा म्हनला."

"कोनता कागद?"

तिनं म्हणून दाखवला. सांगितल्यासारखा नाही, पढल्यासारखा. "हलिमा बी हिनं केलेला जाळीचा रुमाल नग एक, सरकारातून फराशीस दाखल."

"अस्सं," जमशेद म्हणाला. "मंग तं तो आमच्या घरी आला असन."

"कोनाच्या?"

"आमच्या. फराशीस म्हंजे फराशीले ना, बुबू. माहा आजा जहागीरदाराच्या सरकारात फराश होता. सतरंज्या टाकनं, दिवे लावनं, ते सारं फराशीचं काम. आता लोक सतरंजीवाला म्हनतात, मी बी म्हनू देतो." त्यानं गुंडाळी खांद्यावर घेतली. "आज्याच्या ताब्यात काही बी दिलं का कारकून लिवे, फराशीस दाखल. घोड्याचं असलं तं पागेस दाखल. तसे लय कागद होते आमच्याकडं. आईनं चुलीत घातले."

पायरीखाली दौलतरावांच्या एका पायात चप्पल होती. दुसरा पाय तसाच वर राहिला.

"फराशी," ते स्वतःशी म्हणाले. "स."

तीस वर्षं त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं होतं, चतुर्थीचे प्रत्यय, स, ला, ते. अडाणी माणसाच्या हातून ही चूक होणं शक्यच नव्हतं.

"वर्षभर इथं सतरंज्या टाकून राह्यला तू," बदरुद्दीन जमशेदला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, नुसता बारीक झाला होता. "बोलला काहून नाही?"

"तुमी कवा फराशीस म्हनले, बदरूभाई? तुमी तं साऱ्या सभेत फ्रान्स फ्रान्स करत. मले काय ठाव फ्रान्समधी आमचं काय हाये."

"आता कुठी हाये तो?" कमरुन्निसानं विचारलं. ती उभी राहिली होती आणि एक हात हवेत पुढं होता. "जमशेद. कुठी हाये?"

जमशेदनं गोंधळून भिंतीकडं पाहिलं. "जाळीचं तं आमच्या घरी एवढंच हाये, बुबू. हंडीवरचं. आज्यापासून तेच टाकतो आमी."

त्यानं हंडीवरचं फडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

फडकं काजळीनं आणि तेलानं जड झालेलं होतं. एका जागी निळा डाग होता. तो दौलतरावांनी ओळखला आणि पायातली चप्पल हळूच काढून ठेवली.

"धुऊन देऊ काय?" लतीफानं विचारलं.

"हात लावू नको." कमरुन्निसा भिंतीशी बसली, फडकं मांडीवर घेतलं. तिच्या बोटांनी मळाखालची वीण चाचपली, एकदा, दोनदा, आणि तिची मान ताठ झाली. "ओंबी हाये. पाच टाके, एक सोडून. दादीचंच हाये हे, बदरू. पाह्य किती बारीक. माही कवाच इतली बारीक आली नाही."

बदरुद्दीन दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"लतीफा, सुई घे. नवा दोरा घे, तो निया डबा फोड. मी बोटानं पाहीन तसं सांगतो, तू तसं घालत जाय. कोपरा आला का मी थांबीन. एक टाका बी सोडू नको, मी दुसऱ्यांदा सांगाले... सोडू नको."

लतीफानं फळीवरून निळा डबा काढला. तिनं सुईवर पहिली गाठ घेतली आणि फूफीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. दौलतराव अनवाणी वर आले आणि खिशातली पेन्सिल काढली; टाके लिहून घ्यायला कोणीतरी हवं होतं. जमशेदला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं हंडी लावली. ज्यांना दिसत होतं त्यांना हंडीची गरज नव्हती, अजून उजेड होता.

कमरुन्निसानं डाव्या चिमटीत कड घट्ट धरली, सुरुवात कुठून केली ते हरवू नये म्हणून. उजवा अंगठा कडेवरून पुढं सरकू लागला. ओंबी, दाणा, ओंबी, दाणा. तोंडानं ती काही पुटपुटत होती. लतीफाला वाटलं टाके मोजते आहे, बदरुद्दीनला वाटलं दुवा मागते आहे. नक्षी कुठं मोडत नव्हती. चुणी नव्हती. शिवण नव्हती. अंगठा कुठंही अडखळला नाही.

चालत चालत तो डाव्या चिमटीला येऊन लागला.

तिनं डावी चिमटी आणखी घट्ट केली. पुन्हा निघाली, या वेळी सावकाश, प्रत्येक दाण्यावर नख टेकवत. लतीफाच्या सुईवर पहिलीच गाठ होती. दौलतरावांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

अंगठा पुन्हा चिमटीला लागला.

"फूफी," लतीफा हळूच म्हणाली, "कोपरा?"

"इचारू नको," कमरुन्निसा म्हणाली.

रुमाल गोल होता.